माझ्या नावाची पूररेषा

चंद्रप्रभाकाकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये राजमा-चावल खात बसले होते. त्यांचा फोन एरवी खुशालीचा असायचा, म्हणून मी चमचा हातात तसाच ठेवून बोलायला लागले. त्यांनी खुशाली विचारली नाही.

"कादंबरी, तू आमची गल्ली पाण्यात टाकलीस ना."

मला आधी काही कळेचना. मग त्या सांगत गेल्या. वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर सकाळी पुराचा नकाशा लावला होता. निळ्या रंगाच्या आत येणारी घरं हटवली जातील, असं त्याच्याखाली लिहिलं होतं, आणि काकूंची अख्खी गल्ली निळ्यात होती. हरकती सोमवारी ऐकणार होते. काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. घरात कोणी आजारी असल्यावर बोलतात तशा त्या हळू बोलत होत्या. मी म्हटलं, काहीतरी गडबड आहे, तुमची गल्ली मी स्वतः रेषेच्या बाहेर ठेवलीय. त्या म्हणाल्या, भिंतीवर तर आत आहे, आणि त्यांनी फोन ठेवला.

माझं काम काय, हे आईला अजून धड सांगता येत नाही. कार्डावर डेटा आणि जीआयएस ॲनालिस्ट असं लिहिलंय. आई पुण्यात शेजारणींना 'कम्प्युटरवर नकाशे काढते' म्हणून सांगते, आणि खरं म्हणजे तेच बरोबर आहे. नाव कादंबरी आणि आयुष्यभर वाचले काय तर नकाशे, म्हणून बाबा चिडवतात. यमुनेला मोठा पूर येऊन गेला, त्यानंतर फरीदाबादच्या बाजूची पूररेषा आखायचं काम एका सरकारी खात्यानं आमच्या कंपनीला दिलं. पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवणारी ही रेष. रेषेच्या आत घर असेल तर ते जाणार, रेषेच्या बाहेर जमीन असेल तर तिच्यावर बांधता येणार. म्हणजे दिसायला रेष आणि प्रत्यक्षात लोकांचं नशीब.

पुराच्या दिवसांतल्या उपग्रहाच्या फोटोंत ढगांशिवाय काही दिसत नव्हतं, आणि घरं दाटीनं असली की रडारचं चित्रही घोळ घालतं. म्हणून मी त्या वस्त्यांमधून पायी फिरले. दारोदार विचारत गेले, पाणी कुठपर्यंत आलं होतं, आणि लोक दाखवतील तिथला फोटो काढत गेले. एका गल्लीत मी आईशी फोनवर मराठीत बोलत होते, ते ऐकून एका बाईंनी हाक मारून आत बसवलं. ह्याच चंद्रप्रभाकाकू. त्यांचे यजमान नागपूरहून इथल्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात आले होते, आता ते नाहीत, घर मात्र त्यांनी बांधलेलं. गल्ली जुन्या बांधावर आहे, त्यामुळे पाणी दाराच्या पायरीला लागलं आणि तिथूनच परत गेलं. शेजारी भिंत घातलेली एक रिकामी जमीन आहे, तिथं मात्र पुरुषभर पाणी उभं होतं. तिथल्या कडुनिंबाच्या बुंध्यावर माणसाच्या डोक्याच्या वर चिखलाचा डाग अजून आहे.

काकूंनी मला पोहे करून खाऊ घातले, आणि मी निघताना एक गोष्ट बोलून बसले. आमच्या कामात बोलू नये अशी. म्हटलं, काकू, काळजी करू नका, रेष मीच काढणार आहे आणि तुमची गल्ली बाहेर आहे.

तर काकूंच्या त्या फोननंतर मी जेवण टाकून जागेवर आले आणि फाइल उघडली. रेष बदललेली होती. वस्तीजवळच्या नाल्यापर्यंत ती माझीच होती. तिथून पुढे ती रिकाम्या जमिनीला सोडून बाजूनं वळत होती आणि काकूंच्या गल्लीला पोटात घेऊन पुन्हा माझ्या रेषेला मिळत होती. बुडालेली जमीन कोरडी झाली होती आणि कोरडी गल्ली बुडाली होती. आमच्या सिस्टिममध्ये प्रत्येक बदलावर कोणी केला आणि कधी केला त्याची नोंद राहते. मी ती बघितली. बदल करणाऱ्याचं नाव माझं होतं. तारीख चौदा जानेवारी.

चौदा जानेवारीला मी पानिपतला होते.

दिल्लीतला मराठी माणूस संक्रांतीला एकदा तरी पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, जाऊन येतो. मराठी मंडळाची बस असते. मला इथं आल्यापासून कामामुळे कधी जमलं नव्हतं. ह्या वर्षी सुधन्वादादानं स्वतःहून सांगितलं की जा, मी सीट बुक केलीय, लतिकापण येतेय, ऑफिसचं मी बघतो. सुधन्वादादा म्हणजे माझा मॅनेजर. ऑफिसात सगळ्यांसमोर सर, बाहेर दादा. पुण्याहून नवी आले तेव्हा भाड्याची खोली मिळेपर्यंत मी त्याच्याच घरी राहिले होते. लतिकावहिनीनं मला दिल्लीच्या थंडीत दोन रजया घेऊन झोपायला शिकवलं आणि दादानं काम शिकवलं. त्या सकाळी कडाक्याच्या धुक्यात तो माकडटोपी घालून आम्हा दोघींना बसपर्यंत सोडायला आला, थर्मासमधून चहा दिला. माझ्या मनात आलं, सख्ख्या भावानंही एवढं केलं नसतं.

दुपारी स्मारकाजवळ भाषण चालू असताना त्याचा फोन आला. फाइल आजच पाठवायचीय, तुझा पासवर्ड दे. ह्यात काही विशेष नव्हतं. नियमात बसत नसलं तरी आमच्या ऑफिसात रजेवर जाणारा माणूस आपला पासवर्ड कुणाला तरी देऊन जातो, नाहीतर कामं अडतात. भाषण ऐकणाऱ्यांना त्रास नको म्हणून मी बाजूला गेले आणि एकेक अक्षर त्याला नीट सांगितलं. दोनदा सांगितलं.

तरीही त्या दुपारी जागेवर बसून मी स्वतःला सांगत होते की दादा नसेल, दुसऱ्या कुणी त्याच्याकडून पासवर्ड घेतला असेल. मग मी ती रेष मोठी करून बघितली आणि माझा धीर सुटला.

रेष काढणाऱ्याचा हात ओळखू येतो. स्क्रीनवर रेष काढायची म्हणजे एकामागून एक टिंबं टाकत जायचं, आणि कोण कुठं टिंब टाकतो ही ज्याची त्याची सवय असते. बहुतेक जण सारख्या अंतरावर टाकतात. सुधन्वादादाचं म्हणणं असं, की पाणी वळताना बाहेरच्या अंगाला जास्त खातं, म्हणून तिथं टिंबं दाट हवीत आणि आतल्या अंगाला विरळ. पूल आला की तो रेष थांबवतो आणि पुलाच्या पलीकडे नवी सुरू करतो. हलवलेल्या रेषेत नाल्याच्या वळणावर बाहेरच्या अंगाला टिंबांची गर्दी होती, आणि छोट्या पुलापाशी रेष तुटून पुन्हा सुरू झाली होती. ज्या माणसानं माझा हात धरून शिकवलं त्यानंच केसानं गळा कापला होता, आणि तो कापताना त्याचा हात जराही थरथरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी मी त्याच्या घरी गेले. तो बाल्कनीत उन्हात मटार सोलत बसला होता. मला बघून त्याला आनंद झाला, निदान तसं दिसलं. त्यानं माझ्यापुढे शेंगांचा ढीग सरकवला. दिल्लीत हिवाळ्यात कुणाकडेही गेलं तरी हातात शेंगा येतातच. मीही सोलायला लागले, कारण हात रिकामे असते तर मी काय केलं असतं कोण जाणे.

मी म्हटलं, "दादा, काकूंच्या गल्लीपाशी रेष तू हलवलीस."

"कशावरून?"

"वळणावरून. तू सोडून ऑफिसात कोणी तशी टिंबं टाकत नाही."

तो हसला. हसणं अगदी नेहमीचं होतं. "कोणी नाही? अगं, तू टाकतेस की. मीच शिकवलंय तुला. तुझी रेष कुठली आणि माझी कुठली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. इतरांपेक्षा मी किती निगुतीनं शिकले ह्याचा मला अभिमान होता. पाच वर्षं मी त्याच्यासारखी रेष काढायला धडपडले, आणि त्यानं त्याचा असा उपयोग केला. मी विचारलं, माझ्याच नावावर का. त्यानं नाकारलं नाही, लपवलं नाही, एखादी नवी गोष्ट शिकवावी तशा आवाजात सांगितलं.

"यार, मॅनेजरनं बदल केला की लोक विचारतात, का केला. ॲनालिस्टनं केला की ती दुरुस्ती असते. बिल्कुल साधी गोष्ट आहे."

बाकीचं त्यानं तुकड्यातुकड्यांत सांगितलं. रिकामी जमीन अशा कुणाची तरी होती की ज्याला आमचे डायरेक्टर नाही म्हणू शकत नव्हते. ती बाहेर काढायची तर दुसरीकडे तेवढीच जागा आत घ्यावी लागत होती, कारण रेषेच्या आतलं क्षेत्रफळ आम्ही खात्याला आधीच कळवून बसलो होतो. गल्ली जवळ होती, मापात बसत होती, म्हणून ती आत घेऊन तो मोकळा झाला होता. काकूंचं घर त्याच्या लेखी माप जुळवायला मिळालेला एक तुकडा होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, सोमवारी सुनावणीत मी उभी राहून सगळं सांगणार, माझ्याकडे प्रत्येक घराचे फोटो आहेत.

मग मात्र त्याचे हात थांबले. त्यानं मांडीवरची टरफलं झटकली. नंतर म्हणाला की तू बोललीस तर कंपनी आधी तुलाच काढेल, वर गल्लीही वाचणार नाही. मी बोललो तर ऐकतील.

"मला सोमवारपर्यंत दे. गल्ली मी बाहेर काढतो. दादा म्हणतेस ना मला?"

त्याचे डोळे खरंच ओले झाले होते. लाज वाटत असेल, असं मला वाटलं. लाज वाटणारा माणूस सुधारतो असाही माझा एक समज होता. मी हो म्हटलं. एवढंच नव्हे, तर त्याला नीट दुरुस्ती करता यावी म्हणून तिथंच बसून माझे सगळे फोटो त्याला पाठवले. पायरीवरची खूण, भिंतींवरचे डाग, कडुनिंब, सगळं. वहिनीनं जाताना सोललेले मटार डब्यात भरून दिले आणि मी ते घेऊन आले. घरी पोचल्यावर काकूंना फोन करून सांगितलं की सोमवारी सगळं नीट होईल. त्या फक्त बरं म्हणाल्या.

सुनावणी सरकारी इमारतीच्या हॉलमध्ये होती. गल्लीतली माणसं शाली-स्वेटर घालून खुर्च्यांवर दाटीनं बसली होती, काकू तिसऱ्या रांगेत होत्या. एका बाजूला खात्याचे अधिकारी, त्यांच्या शेजारी आम्ही कंपनीचे लोक. पहिली हरकत पुकारायच्या आतच सुधन्वादादा उठला आणि त्यानं सगळ्यांपुढे हात जोडले.

"सर, ग़लती हमारी टीम से हुई है। लड़की मेहनती है, पर नई है। उससे लाइन ग़लत खिंच गई। ज़िम्मेदारी मेरी है।"

पाच वर्षं काम केलेली मी एका वाक्यात नवी झाले. मला वाटलं, सगळ्यांना कळेल की हा खोटं बोलतोय, पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत कीव होती. त्यानं पडद्यावर फोटो दाखवले. माझे फोटो. काकूंची पायरी आली तेव्हा गल्लीतल्या माणसांत कुजबुज झाली. मग त्यानं दुरुस्त केलेली रेष दाखवली. गल्ली बाहेर होती. हॉलमध्ये टाळ्या पडल्या, मागे कुणीतरी रडायला लागलं. अधिकारीही हसले. अशी चूक कबूल करणारा माणूस त्यांना रोज भेटत नसणार.

मी पडद्याकडे बघत होते. गल्लीभोवती रेष सुबक वळवली होती, बाहेरच्या अंगाला टिंबं दाट. पण रिकामी जमीन अजूनही बाहेरच होती. कडुनिंबाचा फोटो त्यानं दाखवलाच नव्हता. आता सगळंच जुळलं होतं. लोकांच्या हरकतीवरून क्षेत्रफळ घटलं तर कोणी जाब विचारत नाही, आणि त्या जमिनीवर कोणी राहत नाही, मग तिच्याबद्दल हरकत घेणार कोण. त्यानं शब्द पाळला होता. गल्ली बाहेर काढतो म्हणाला होता, आणि काढली होती. माझ्याकडून सोमवारपर्यंतचा वेळ, फोटो आणि माझं तोंड बंद, एवढं सगळं त्यानं मटार सोलता सोलता मिळवलं होतं.

मी उभी राहिले. मी हिंदीतून सांगितलं की ही जमीन बुडाली होती, ती आत हवी. तिथं भराव घालून इमारती उठल्या तर पुढच्या पुरात तिथलं पाणी ह्याच गल्लीत शिरेल. आणि सांगितलं की रेष मी हलवली नाही, त्या दिवशी मी पानिपतला होते.

मुख्य अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं की बदल तुमच्या नावानं झालाय ना. मी म्हटलं, हो. मग तुमच्या नावानं दुसऱ्यानं कसा केला. मी म्हटलं, मी पासवर्ड दिला होता. कुणाला दिला, हे सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात ते म्हणाले की पासवर्ड देणं हीसुद्धा चूकच, आणि शेजारच्या कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं की चूक ॲनालिस्टच्या पातळीवर झाली आणि ती सुधारली गेली. जमिनीबद्दल काही म्हणणं असेल तर कंपनीनं रीतसर कळवावं. कंपनी म्हणजे दादाच. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच म्हणाला, बैठ जा बेटा, हो गया. पहिल्यांदाच तो माझ्याशी हिंदीत बोलला. मी बसले.

बाहेर ऊन पडलं होतं. गल्लीतली माणसं दादाच्या भोवती गोळा झाली होती, कोणी हात मिळवत होतं, एका म्हाताऱ्यानं तर वाकून त्याच्या पायांना हात लावला. दादानं त्याला वरच्या वर उठवलं. मी भिंतीच्या कडेनं गेटकडे निघाले तेव्हा चंद्रप्रभाकाकूंनी मला गाठलं. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"होते गं चूक. मी रागावले, मनात नको ठेवू. पण असा साहेब मिळायला नशीब लागतं. सगळ्यांसमोर तुझी चूक स्वतःवर घेतली त्यानं. त्याला धरून राहा."

ह्या बाईंचं घर वाचावं म्हणून मी भांडले होते, आणि घर वाचलं होतं. गप्प बसले असते तर ते पोहे, ती खुशाली, ते घर मला कायमचं उघडं राहिलं असतं. पण पुढच्या पावसाचा विचार मनातून जाईना. आत्ता नाही सांगितलं तर ती जमीन भरली जाताना ह्या शांतपणे बघत बसतील.

"काकू, रेष त्यानंच हलवली होती. माझा पासवर्ड घेऊन. तुमची गल्ली आत घालणारा तोच आहे, आणि शेजारची जमीन त्यानं अजून बाहेर ठेवलीय. ती भरायला लागले की अडवा. मी तुमच्याबरोबर येईन."

काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग लांब उभ्या असलेल्या दादाकडे. तो कुणाला तरी चहाचा ग्लास देत होता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शुक्रवारी फोनवर होता तो हळू आवाज परत आला.

"ज्यानं तुझं झाकलं, त्याच्यावरच आळ घालतेस?"

त्यांनी माझा हात सोडला, पदर सावरला आणि त्या दादाला भेटायला गेल्या.